आधी खिसा

सोफे दुरुस्त करणाऱ्या त्या कारखान्यात त्याला सगळे फेरविचार म्हणायचे. आईबापांनी ठेवलेलं नाव वेगळं होतं, चांगलं होतं. पण नोकरीच्या पहिल्या दिवशी पूर्ण नाव सांगावं की नुसतं घरातलं सांगावं, याचा विचार करत तो दारातच उभा राहिला, आणि तोवर लोकांनी आपापसात ठरवून टाकलं.

त्याची जागा कोपऱ्यात होती. जुना सोफा आला की त्याचं कापड, गोणपाट, पट्टे सोलून काढायचे आणि लाकडात ठोकलेले बारीक खिळे पकडीनं उपटायचे. त्या खिळ्यांना धंद्यात चुका म्हणतात. म्हणजे हा माणूस कित्येक वर्षं लोकांच्या चुका काढत बसला होता आणि तरी त्याचं कुणाशी भांडण नव्हतं. कोपऱ्याला खिडकी नव्हती. सोफ्यांच्या पोटात साठलेली धूळ, केस, बिस्किटांचा भुगा, सगळं त्याच्या नाकातोंडात जायचं. खोकला तर असा मुरला होता की घरी तो दिसायच्या आधी ऐकू यायचा. मग बायको त्याला दारातच थांबवून, दोन्ही खांदे धरून, सतरंजीसारखा झटकायची.

"येताना निम्मं गाव अंगावर घेऊन येतोस," ती म्हणायची. "निदान त्यांना चपला तरी बाहेर काढायला सांगत जा."

त्यामुळं शनिवारी सकाळी वस्तादांनी बाहेरच्या कामाचा विषय काढला, तेव्हा त्याच्या हातातली पकड खाली पडली. वस्ताद म्हणजे कारखान्याचे मालकही तेच आणि सगळ्यात मोठे कारागीरही तेच. लोकांच्या घरी जाऊन, असेल तिथंच सोफा दुरुस्त करायचं काम आजवर ते स्वतः करत. पण आता त्यांचे गुडघे जिन्यांशी बोलेनासे झाले होते.

"सोबतीला एक जण लागेल. पुढं सगळं त्यानंच बघायचं," वस्ताद म्हणाले. "उजेड, मोकळी हवा, आणि घरोघरी चहा."

"मी जातो," फेरविचार म्हणाला.

कारखान्यातले हात थांबले. त्याच्या तोंडून इतकं लहान वाक्य, तेही शेवटासकट, पूर्वी कुणी ऐकलं नव्हतं.

"चाकू आहे?" वस्तादांनी विचारलं. "इथली कात्री इथून हलत नाही. बाहेरचा माणूस म्हणजे खिशात स्वतःचा चाकू. घडीचा. झोपतानाच काय तो बाजूला ठेवायचा. स्वस्तातला आणून माझ्यासमोर दात विचकायचे नाहीत. ऐन वेळी दगा देणारा चाकू आणि ऐन वेळी दगा देणारा माणूस, दोन्ही मला नकोत. सोमवारी खिशात चाकू घालून ये आणि बाहेर पड. नाहीतर तू आणि तुझा कोपरा. जावईबापू आहेतच."

जावईबापू म्हणजे वस्तादांचे जावई. ते कारखान्याचा टेंपो चालवायचे आणि कमरेला एक जाडजूड चाकू लावायचे, ज्याच्यात इतकी पाती होती की त्यांना स्वतःलाही सगळ्यांची ओळख नव्हती. त्यात एक चमचाही होता. जावईबापूंनी चाकूवर हळूच हात ठेवला आणि छताकडं पाहून स्मित केलं.

शनिवारी अर्धाच दिवस काम असे. दुपारी फेरविचार बाजारातल्या सुऱ्या-कात्र्यांच्या दुकानात गेला. दुकान एका बाईंचं होतं. काचेखाली हिरव्या कापडावर चाकू मांडले होते. काही मिटलेले, काही उघडे, काही अर्धवट उघडे, जसे काही झोपेतून उठावं की नाही अशा विचारात. फेरविचारला ते लगेच जवळचे वाटले.

"घडीचा चाकू हवाय. चांगला. रोज जवळ ठेवायला."

"काय कापायचंय?" बाईंनी विचारलं.

हा प्रश्न येईल असं त्याला वाटलंच नव्हतं. "समोर येईल ते," तो म्हणाला.

बाईंनी त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "माणसं सोडून?"

"हो हो. माणसं सोडून."

"बरं. तेवढं तरी ठरलं."

त्यांनी एक चाकू काढला. "हा साधा. याला खटका नाही. पातं नुसत्या कमानीच्या जोरावर उघडं राहतं. उलटा दाब पडला तर मिटतो."

"बोटावर?"

"बोट तिथं असलं तर बोटावर." त्यांनी दुसरा काढला. "याचा खटका पाठीवर. उघडला की पक्का बसतो, पण मिटायला दोन्ही हात लागतात. आणि या तिसऱ्याला आत पट्टी आहे. एका हातानं उघडतो, एका हातानं मिटतो."

"मग दुसऱ्या हातानं काय करायचं?"

"ज्याला कापायचंय ते धरायचं."

हे त्याला पटलं. पण दुसरंही पटलं होतं, आणि पहिल्याबद्दल त्याला वाईट वाटू लागलं होतं. मग पोलादाचा विषय निघाला. एका पोलादाला धार पटकन चढते, पण पुसलं नाही तर गंजतं. दुसरं गंजत नाही, पण धार लावताना जीव काढतं. "एकाला पुसत बसा, दुसऱ्याला घासत बसा," बाई म्हणाल्या. "संसारासारखंच आहे. मूठ हातात बसते का बघा, पातं तुमच्या बोटाएवढं पुरे, आणि बिजागरी डुगडुगता कामा नये. बाकी सगळी मनाची करमणूक."

त्यानं एकेक चाकू हातात घेतला. प्रत्येक मूठ हातात छान बसली. तीच तर पंचाईत झाली.

"हात गुणी आहे तुमचा," बाई म्हणाल्या. "कुणालाच नाही म्हणत नाही."

"जरा विचार करून येतो."

"या. संध्याकाळपर्यंत आहे मी. उद्या दुकान बंद. विचार मात्र चालू ठेवा."

घरी बायको चहा पीत बसली होती. ती बसली होती त्या खुर्चीला कापड नव्हतं. लग्न झाल्यापासून कापडाचा रंग ठरायचा होता, त्यामुळं खुर्ची नुसत्या गोणपाटावर होती आणि तिच्यावर बसून उठणारा प्रत्येक पाहुणा पाठीमागं जाळीची नक्षी घेऊन जायचा.

"घरातली सुरी ने की," सगळं ऐकून बायको म्हणाली.

"तिची घडी होत नाही."

"तुझी तरी कुठं होते? जिथं ठेवावा तिथं आडवाच येतोस." मग तिनं कप खाली ठेवला. "हे बघ, कुठलाही घे. पण त्या कोपऱ्यातून बाहेर पड. रात्रभर खोकतोस आणि वर मलाच विचारतोस, झोप लागली का म्हणून."

फेरविचार खिडकीशी उभा राहिला. चाकूचं त्याला काही कळत नव्हतं. मग आपल्याला काय कळतं, असा त्यानं शोध घेतला. त्याला एक गोष्ट पक्की ठाऊक होती की वस्तू कुठलीही असो, शेवटी तिला कव्हर लागतंच. आणि कव्हर हा त्याच्या हातचा मळ होता. चाकू रोज जवळ राहायचा असेल तर खिसा चांगला हवा. खिसा चांगला हवा तर तो आपणच शिवला पाहिजे. इथपर्यंत सगळं सरळ होतं. त्यानं चामड्याचा एक तुकडा काढला आणि कामाच्या विजारीच्या उजव्या मांडीवर, दुहेरी टाका घालून, असा खिसा शिवला की बघणाऱ्यानं खिसाच बघत राहावं.

"सुरेख," बायको म्हणाली. "आणि चाकू?"

"आधी खिसा."

"बाजारात तुरी म्हणतात ते हेच," असं म्हणून तिनं चहाचा कप त्याच्या हातात दिला, विसळायला.

दुकान बंद व्हायच्या बेताला तो ती विजार घालून पुन्हा बाईंपुढं उभा राहिला. पहिला चाकू खिशात तळाला गेला आणि हाताला लागेना. दुसऱ्याचं डोकं इतकं वर राहिलं की तो बाहेर काय चाललंय ते बघतोय असं वाटलं. तिसरा आत गेला पण बाहेर येईना. शेवटी फेरविचारनं दाराची चौकट धरली आणि बाईंनी ओढून काढला.

"हा खिसा आहे तरी कुठल्या चाकूचा?" बाईंनी धापा टाकत विचारलं.

"माझ्या मनातल्या."

"मग तो मनातला आणून दाखवा. तसला माझ्याकडं असला तर देते." आणि त्यांनी शटर ओढलं.

बाई त्रासून बोलल्या होत्या, पण फेरविचारला ही पहिलीच स्पष्ट सूचना मिळाली होती. रविवारी सकाळी त्यानं सोफ्याचा एक मोडका पाय घेतला आणि खिशाच्या मापानं चाकूचा नमुना कोरला. खिशात तो असा बसला की जणू दोघं एकाच आईच्या पोटचे. पण नुसतं लाकूड उघडंबोडकं दिसत होतं. ते त्याला बघवेना. त्यानं वर फोमचा पातळ थर दिला, तपकिरी चामडं चढवलं, कडेनं दोरीची किनार शिवली. एका बाजूला मधोमध एक बटणही बसवलं, सोफ्याच्या पाठीला असतं तसं.

बायकोनं तो उलटसुलट करून पाहिला. "छान झालंय. काय आहे?"

"चाकू."

"उघड."

"उघडत नाही. नमुना आहे."

"मग ही उशी आहे," ती म्हणाली. "उंदराची."

सोमवारी आधी दुकानात जायचं, नमुना दाखवून चाकू घ्यायचा आणि मग कारखाना गाठायचा, असा त्याचा बेत होता. पण दुकान उघडायला अवकाश होता. तिथं थांबावं की कारखान्यात जाऊन परत यावं, याचा विचार करत तो चालत राहिला, आणि पाय सवयीप्रमाणं कारखान्यापाशी येऊन थांबले. दारात टेंपो सुरूच होता.

"आणलास?" वस्तादांनी विचारलं.

चाकू बाहेर काढून दाखव, असं मात्र ते म्हणाले नाहीत. दुसऱ्याचा चाकू मागून बघायचा नाही, हा कारखान्याचा जुना दंडक होता. चाकू आणि पगार ज्याचा त्यानं बघावा. वस्तादांनी नुसती वरून खिशावर थाप मारली. ठक असा आवाज आला.

"वा! खिसासुद्धा शिवलास. याला म्हणतात तयारी. चल, बस."

फेरविचारला सांगायचं होतं. पण सुरुवात "वस्ताद" अशी करावी की "त्याचं असं झालं" अशी, हे ठरेपर्यंत टेंपो दुसऱ्या चौकात पोचला होता. एकदा त्यानं तोंड उघडलं, तेव्हा बाहेरची मोकळी हवा तोंडात शिरली. ती इतकी बरी वाटली की त्यानं तोंड तसंच उघडं ठेवलं आणि बोलायचं राहून गेलं.

काम दातांच्या डॉक्टरांकडं होतं. त्यांच्या दवाखान्यातल्या बाहेरच्या खोलीत एक घडीचा सोफा होता. ओढला की पलंग, दुमडला की सोफा. दुपारी रुग्ण नसले की डॉक्टर त्यावर आडवे होत. आता तो अर्ध्यातच अडकला होता.

"पूर्ण उघडतही नाही आणि मिटतही नाही," डॉक्टर म्हणाले. "रुग्णांचंही असंच असतं, पण त्यांना निदान सांगता येतं."

वस्ताद गुडघ्यांवर बसले आणि डोकं, खांदे, एक हात असे सोफ्याच्या आत गेले. आतून ठोकल्याचा आवाज आला. मग कटकन काहीतरी सुटलं, लोखंडी सांगाडा वस्तादांच्या पाठीवर खाली आला आणि त्यांच्या एप्रनचा पट्टा स्प्रिंगमध्ये गुंतून ताणला गेला.

"पट्टा अडकलाय," विहिरीतून यावा तसा वस्तादांचा आवाज आला. "चाकू! फेरविचार, चाकू काढ!"

फेरविचारनं काढला. तपकिरी चामडं, दोरीची किनार, मधोमध बटण. डॉक्टरांनी चष्मा नीट केला.

"हे काय आहे?"

"मूठ," फेरविचार म्हणाला. त्यात खोटं काही नव्हतं.

"काप ना लवकर!" आतून आवाज आला.

"कापतो वस्ताद. म्हणजे विचार तोच आहे."

"थांबा मामा, मी आहे!" जावईबापू म्हणाले. त्यांनी कमरेचा चाकू उपसला आणि नखानं पहिलं पातं उघडलं. बाटलीचं बूच काढायचा स्क्रू निघाला. मग माशाचे खवले काढायचं पातं. मग चमचा. मग वस्तादांच्या पाठीवर ओणवून त्यांनी भिंग उघडलं. त्यातून पट्टा फार मोठा दिसू लागला, म्हणजे कापायला आणखीच अवघड.

"जावईबापू," आतून वस्ताद म्हणाले. जावयाशी ते कधी चढ्या आवाजात बोलत नसत. "आपल्याला घाई नाही ना? नाही म्हणजे, मला श्वास थोडा कमी पडतोय, एवढंच."

शेवटी खरं पातं सापडलं. जावईबापूंनी ते पट्ट्यावर ठेवून जोर लावला. पातं मागं आलं, मिटलं आणि त्यांच्या बोटावर बसलं. त्यातल्या एकाही पात्याला खटका नव्हता. जखम टिचभर होती, पण जावईबापू पांढरेफटक पडले आणि जागा दिसली तिथं टेकले. जागा सोफ्यावर होती.

आतून हुं असा आवाज आला.

"जावईबापू, आपण बसलात का?"

"हो मामा. जरा चक्कर आली."

"बसा, बसा," वस्ताद अगदी बारीक आवाजात म्हणाले. "आपलंच आहे."

फेरविचार सोफ्याच्या कडेला उभा होता. एका बाजूनं जावई, एका बाजूनं वस्ताद, हातात उंदराची उशी. बाहेरचं काम संपल्यात जमा होतं. उद्या पुन्हा कोपरा, पुन्हा धूळ, पुन्हा दारात झटकून घेणं. त्याची नजर सांगाड्याच्या बिजागरीवर गेली. दोन लोखंडी पट्ट्या कात्रीसारख्या हळूहळू जवळ येत होत्या. आणि त्याला दुकानातल्या बाईंचा आवाज आठवला. हा साधा. याला खटका नाही. उलटा दाब पडला तर मिटतो.

बोट तिथं असलं तर बोटावर, आणि वस्ताद असले तर वस्तादांवर.

त्यानं हातातला नमुना दोन पट्ट्यांच्या मधे खुपसला. आधी विचार केला नाही, नंतर करायला वेळ राहिला नाही. टक असा आवाज झाला आणि सांगाडा जागच्या जागी थांबला.

"वा!" डॉक्टर पुढं आले. "तोंड मिटू नये म्हणून आम्हीही असंच ठेवतो." त्यांनी वाकून बघितलं आणि सवयीनं म्हणाले, "दुखतंय का?"

"पट्टा," वस्ताद म्हणाले.

तेव्हा कुठं डॉक्टरांना आठवलं की आपला दवाखाना आहे आणि दवाखान्यात कात्री असते.

वस्ताद बाहेर आले. एप्रन आतच राहिला. ते पाणी प्यायले, त्यांनी जावईबापूंच्या बोटाची चौकशी केली आणि मग बिजागरीपाशी बसून आतल्या त्या चामडी वस्तूकडं बराच वेळ बघितलं. बटण बरोबर बाहेरच्या बाजूला आलं होतं.

"हा तुझा चाकू?"

"नमुना आहे."

"उघडतो?"

"नाही."

"मिटतो?"

"नाही."

वस्तादांनी हनुवटी खाजवली. "म्हणजे दगा तरी देत नाही." मग त्यांनी बटण बोटानं दाबून पाहिलं. "पण कापत नाही."

"नाही."

"आयुष्यात एवढी सुंदर आणि एवढी निरुपयोगी वस्तू मी बघितली नाही. आणि तिच्यामुळं मी वाचलो. आता यावर मी रागावू कसा, तूच सांग."

फेरविचार विचार करू लागला.

"नको, सांगू नकोस," वस्ताद घाईनं म्हणाले. "उद्या सकाळी चाकू आण. खरा. पातं असलेला. आणलास तर बाहेरचं काम तुझं. नाहीतर परत चुका उपट."

जावईबापूंची हरकत नव्हती. पट्टी बांधलेलं बोट वर करून त्यांनी टेंपो चालवला. जाताना समोरून येणारे सगळे त्या बोटाच्या दिशेनं आभाळाकडं बघत होते. नमुना मात्र दवाखान्यातच राहिला. सोफा आता छान स्थिर झाला होता आणि डॉक्टर तो कुणाला काढू देईनात.

संध्याकाळी बाईंनी त्याला लांबूनच ओळखलं. "आणलात का मनातला?"

"तो एका सोफ्यात बसवला."

बाईंनी यावर काही विचारलं नाही. धंद्यात त्यांना बरीच वर्षं झाली होती. "मग? काय कापायचंय?"

या वेळी त्याला माहीत होतं. "समजा, घडीच्या सोफ्यात वस्ताद अडकलेत. त्यांचा पट्टा कापायचाय. आणि वरती जावई बसलाय."

"म्हणजे उलटा दाब येणार," बाई पापणीही न हलवता म्हणाल्या. "खटक्याचाच हवा. आणि एका हातानं उघडणारा, कारण दुसऱ्या हातानं जावयाला उठवावं लागेल." त्यांनी एकच चाकू काढून काचेवर ठेवला आणि बाकीचे त्याच्या नजरेआड सरकवले.

मूठ हातात बसली. बिजागरी डुगडुगली नाही. त्यानं घेतला.

रस्त्यावर येऊन त्यानं तो खिशात घातला. गेला नाही. तिरका घातला, उलटा घातला. चाकू होता जाड आणि आखूड, खिसा होता सडपातळ आणि उंच, आणि टाका दुहेरी होता, त्याच्याच हातचा. मागं वळून बघितलं तर बाई त्याच्याकडंच बघत होत्या. त्यांनी भराभरा शटर खाली ओढलं.

मग त्यानं अंगठ्यानं पातं उघडलं. खटका बसला. खिशाच्या कडेला टोक लावून त्यानं टाका उसवायला घेतला. चाकू इतका चांगला निघाला की टाका गेला, चामडं गेलं आणि खालची विजारही गुडघ्यापर्यंत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वस्ताद दारातच उभे होते.

"चाकू?"

त्यानं मूठ उघडून दाखवली. न मागता दाखवलेला चाकू बघायला दंडकाची आडकाठी नव्हती. वस्तादांनी तो उघडला, दाबून पाहिला, मिटला आणि मान हलवली. मग त्यांची नजर खाली गेली. विजारीला मांडीपासून गुडघ्यापर्यंत ठिगळ होतं, बायकोच्या हातचं, रागात घातलेलं.

"खिसा कुठंय?"

"खिसा कापला."

"काल खिसा होता तर चाकू नव्हता. आज चाकू आहे तर खिसा नाही. अरे, दोन्ही एकाच दिवशी आणायला तू काय घेशील?"

"जरा विचार करून सांगतो."

वस्तादांनी कपाळाला हात लावला आणि तोच हात पुढं करून टेंपो दाखवला. फेरविचार जाऊन बसला. कोपऱ्यात त्याची पकड तशीच पडली होती आणि तिच्यापाशी दुसरंच कुणीतरी शिंकत होतं. बाहेर ऊन होतं. टेंपो सुटला. विजारीला अजून दोन खिसे शिल्लक होते, एक डावा आणि एक मागचा. डावीकडं ठेवावा तर हात उजवा, मागं ठेवावा तर त्यावर बसावं लागणार. चाकू मुठीत घट्ट धरून तो विचार करत राहिला, आणि बराच वेळ त्याच्या लक्षातच आलं नाही की आज खोकला आलेला नाही.